रिकाम्या लाइनचा हिशेब



फोन करणाऱ्या प्रत्येकानं दोन वाक्यं कधी ना कधी ऐकलेली असतात. ‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा,’ हे पहिलं. ‘आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, कृपया लाइनवर राहा,’ हे दुसरं. दोन्ही ऐकून वैताग सारखाच येतो, पण त्यामागचं गणित वेगळं आहे. पहिल्यात तुमचा फोन नाकारलेला असतो. दुसऱ्यात तो आत घेऊन रांगेत उभा केलेला असतो. नाकारलं जाण्याची शक्यता किती आणि थांबावं लागण्याची शक्यता किती, या दोन्ही प्रश्नांची सूत्रं १९१७ साली कोपनहेगनमधल्या एका गणितज्ञानं एकाच निबंधात मांडली. त्यांचं नाव आग्नर क्रारूप एरलांग.

एरलांग यांचा जन्म १८७८ सालचा, डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तरांच्या घरातला. कोपनहेगन विद्यापीठात गणित शिकून त्यांनी काही वर्षं शाळेत शिकवलं. गणितज्ञांच्या बैठकांमध्ये त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. येन्सन स्वतः नावाजलेले गणिती, आणि नोकरीनं कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता. त्यांच्यामुळे १९०८ साली एरलांग त्या कंपनीत दाखल झाले आणि शेवटपर्यंत, म्हणजे १९२९पर्यंत, तिथेच राहिले. त्या काळी एक्स्चेंजमध्ये ओळीनं बसलेल्या ऑपरेटर मुली हातानं फोन जोडून देत. किती मुली बसवल्या म्हणजे फोन करणाऱ्याला फार थांबावं लागणार नाही, हा प्रश्न कंपनीचे संचालक फ्रेडरिक योहान्सन यांना आधीपासून पडलेला होता. एरलांग यांनी तो हाती घेतला. ते केवळ कागदावर गणित करणारे नव्हते. भरकटणारे विद्युतप्रवाह मोजायला ते कोपनहेगनच्या रस्त्यांवर हिंडत. बरोबर शिडी घेतलेला एक कामगार असे, आणि त्या शिडीनं ते मॅनहोलमध्ये उतरत. लिहीत मात्र फार थोडं आणि आटोपशीर. त्यांचे निबंध मुळातून वाचता यावेत म्हणून अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधला एक संशोधक डॅनिश शिकला, असं सांगतात. त्यातलं नाकारलेल्या फोनचं सूत्र ब्रिटिश पोस्ट खात्यानं आपल्या लाइनींच्या हिशेबासाठी स्वीकारलं.

आता त्या हिशेबाकडे वळू. एका कार्यालयात तासाला २०० फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी ३ मिनिटं चालतो असं धरा. म्हणजे तासाभरात ६०० मिनिटांचं बोलणं व्हायचं आहे. एक लाइन तासभर अखंड चालली तर ६० मिनिटांचं बोलणं वाहून नेते. ६०० भागिले ६०, उत्तर १०. या भाराला १० एरलांग म्हणतात. १९४६ साली आंतरराष्ट्रीय टेलिफोन समितीनं या एककाला त्यांचं नाव दिलं.

भार १० आहे तर लाइन १० पुरतील, असं कोणालाही वाटेल. सूत्र सांगतं की १० लाइन घेतल्या तर दर १०० फोनांमागे २१ फोन परत जातील. १५ घेतल्या तरी साडेतीन-पावणेचार परत जातात. शंभरात एकाहून कमी फोन परत जावा असं वाटत असेल, तर १८ लाइन घ्याव्या लागतात. कामाच्या १० आणि वर ८. त्या ८ सरासरीनं रिकाम्या असतात, आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिली नजर त्यांच्यावरच जाते.

त्या का लागतात? कारण फोन करणारी माणसं एकमेकांना विचारून फोन करत नाहीत. एका मिनिटात सात जणांना एकदम आठवण होते, पुढच्या मिनिटात कोणालाच होत नाही. आणि मागच्या पाच मिनिटांत रिकामी गेलेली लाइन पुढच्या पाच मिनिटांसाठी उसनी घेता येत नाही. गेलेला रिकामा वेळ गेला तो गेलाच. सरासरी तासाच्या शेवटी बरोबर जुळते, पण फोन करणारा त्या तासातल्या एका क्षणी येतो. त्याच्या वाट्याला सरासरी येत नाही, तो क्षण येतो.

या सूत्रातली मला फार सुंदर वाटणारी एक गोष्ट सांगतो. कोणी अर्धा मिनिट बोलेल, कोणी अर्धा तास बोलेल. नाकारल्या जाणाऱ्या फोनांचं सूत्र त्या फरकाची चौकशीच करत नाही. त्याला फक्त सरासरी कालावधी लागतो, आणि तेवढ्यावर उत्तर बरोबर येतं. माणसांच्या बोलण्याचा इतका पसारा एका आकड्यात मावतो, हे पुढे गणितानं सिद्धही झालं.

एका कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात फोन जातो, त्या सांध्यालाही हाच हिशेब लागतो. तिथे हजारात ५ हून जास्त फोन अडू नयेत, असा ट्रायचा, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा दंडक आहे. तो पाळायचा तर ३० वाटांच्या एका जोडावर फक्त १९ एरलांगचा भार टाकता येतो. २०१६ साली जिओ ही नवी मोबाइल कंपनी आली तेव्हा जुन्या तीन कंपन्यांनी तिला पुरेसे जोड दिले नाहीत, असा ठपका ठेवून ट्रायनं एकूण ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली होती. लाइन किती पुरे, हा प्रश्न त्या भांडणाच्या मुळाशी होता.

आता दुसरं वाक्य घेऊ, लाइनवर थांबवणारं. भार तोच, १० एरलांग. फोन घ्यायला ११ माणसं बसवली तर फोन करणाऱ्याला सरासरी २ मिनिटं थांबावं लागतं. १२ बसवली तर ४० सेकंद. १३ असतील तर १७ सेकंद, आणि १४ असतील तर ८ सेकंद. अकरावरून बारावर जाताना एका माणसानं प्रत्येकाची ८० सेकंदांहून जास्त वाट वाचवली. तेरावरून चौदावर जाताना जेमतेम ९ सेकंद. ऐन गर्दीच्या वेळी जेवायला उठलेला एक माणूस रांगेचं काय करतो, तेही यावरून लक्षात यावं. म्हणून नियोजन करणारे चौदा खुर्च्यांसाठी चौदा माणसं नेमून थांबत नाहीत. रजा, आजारपण, जेवण, प्रशिक्षण हे सगळं धरून त्याहून बरीच जास्त नेमावी लागतात.

आणि आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो.

हेल्पलाइनवर फोन लावला की भाषा निवडायला सांगतात. समजा तासाच्या २०० फोनांपैकी १६० जण दुसरी भाषा निवडतात आणि ४० जण मराठी. माणसं एकूण १४. व्यवस्थापक न्यायानं वाटणी करतो: ११ तिकडे, ३ मराठीला. प्रमाण काढून पाहा. मराठीला प्रत्येक एरलांगमागे दीड माणूस मिळाला, दुसऱ्या गटाला पुरता एक पूर्णांक चार दशांशही नाही. मराठीला झुकतंच माप दिलेलं आहे. तरीही एरलांग यांचं सूत्र सांगतं की मोठ्या गटातला माणूस सरासरी १५ सेकंद थांबेल आणि मराठी निवडणारा ८० सेकंद.

यात कोणाचा दुष्टावा नाही. गट लहान झाला की चढउतार सांभाळायला माणसं कमी पडतात. तिघांपैकी तिघंही फोनवर गुंतली की चौथा फोन थेट रांगेत जातो. अकरा जण एकाच वेळी गुंतण्याचा प्रसंग त्या मानानं कमी येतो. लाइनींचंही तसंच आहे. पाच-पाच एरलांगची दोन कार्यालयं वेगवेगळी ठेवली, तर शंभरात एकाच्या हिशेबानं ११ आणि ११ अशा २२ लाइन लागतात. भार एकत्र केला तर १८ पुरतात.

म्हणून प्रमाणात वाटणी केली म्हणजे समान सेवा दिली, ही समजूत चुकीची आहे. पण वर्षाच्या अहवालात ही ८० सेकंदांची वाट दिसत नाही. तिथे सगळ्या २०० फोनांची सरासरी छापतात, ती २८ सेकंद येते, आणि २८ सेकंद कोणाला फारशी खटकत नाहीत. पुढचा धोका याहून मोठा आहे. ८० सेकंद थांबून कंटाळलेला मराठी माणूस पुढच्या वेळी दुसरी भाषा निवडू शकतो. तशी माणसं वाढली की मराठीच्या रांगेतले फोन कमी दिसतील, आणि ‘मागणीच नाही’ म्हणून तिसरी खुर्चीही उचलली जाईल.

सूत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. माणसं एकमेकांपासून स्वतंत्रपणे फोन करतात, हे त्याचं गृहीत आहे. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या संध्याकाळी साऱ्या शहराला एकाच कारणासाठी, एकाच वेळी घरी फोन करायचा होता. शिवाय नाकारलेला फोन निघून जातो असं सूत्र मानतं. त्या दिवशी तो निघून गेला नाही, पुन्हा पुन्हा लावला गेला आणि भार वाढवत राहिला. अशा दिवसासाठी वेगळी तयारी लागते, रोजच्या सरासरीवर केलेला हिशेब तिथे पुरत नाही.

मराठीच्या रांगेचा प्रश्न मात्र रोजचा आहे, आणि त्याला उपाय आहे. मराठीच्या तीन खुर्च्यांच्या चार करा. सरासरी वाट ८० सेकंदांवरून १६ सेकंदांवर येते, जवळजवळ मोठ्या गटाइतकी. एक पगार वाढवायचा नसेल, तर त्या अकरांमध्ये दोन्ही भाषा सफाईनं बोलणारी दोन-तीन माणसं घ्या आणि मराठीची रांग वाढली की फोन त्यांच्याकडे वळवा. दोन्ही मार्ग आजच्या यंत्रणेला सहज जमतात. त्यासाठी फक्त प्रत्येक भाषेची वाट वेगळी मोजावी लागेल, आणि हा वेगळा आकडा आपण ग्राहकांनी संबंधित कंपन्यांकडे आणि सरकारी हेल्पलाइनकडे मागायला हवा.