डरहॅमला गेलेला रोझ बाउल

रोझ बाउल हा अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत जुना हंगामोत्तर सामना. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावी नववर्षाच्या दिवशी फुलांनी सजवलेल्या वाहनांची मिरवणूक निघते. ही प्रथा १८९० पासूनची. मिरवणुकीच्या जोडीला १९०२ साली पहिला सामना ठेवला, त्यात मिशिगनने स्टॅनफर्डला ४९–० असे धुऊन काढले. इतक्या एकतर्फी खेळाने संयोजकांचा उत्साहच मावळला. पुढे बरीच वर्षे घोड्यांच्या रथांच्या शर्यतींवर भागवण्यात आले आणि फुटबॉल परतला तो १९१६ साली. मग मात्र दर वर्षी सामना होत राहिला. हंगामातले नेहमीचे सामने संपले की पश्चिम किनाऱ्यावरचा विजेता संघ यजमान म्हणून उतरायचा आणि देशातला दुसरा एखादा तगडा संघ पाहुणा म्हणून बोलावला जायचा.

१९४१ च्या हंगामात पश्चिम किनाऱ्याचे विजेतेपद ओरेगन स्टेट कॉलेजने मिळवले. कॉर्व्हॅलिस या लहानशा गावातली ही संस्था. तिला विद्यापीठ हे नाव मिळायला अजून वीस वर्षे अवकाश होता. प्रशिक्षक लॉन स्टायनर यांच्या या संघाने सात सामने जिंकले होते आणि दोन गमावले होते. पाहुणा संघ होता नॉर्थ कॅरोलिनामधल्या डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठाचा. नऊपैकी नऊ सामने जिंकलेला हा संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याचे प्रशिक्षक वॉलेस वेड यांनी पूर्वी अलाबामाला रोझ बाउल जिंकून दिला होता. जाणकारांनी निकाल आधीच ठरवून टाकला होता, आणि तो ओरेगन स्टेटच्या बाजूने नव्हता.

७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पश्चिम किनाऱ्यावर दिवे मालवण्याचे हुकूम निघाले, विमानहल्ल्याच्या अफवा उठू लागल्या. त्या भागाचे लष्करी प्रमुख लेफ्टनंट जनरल जॉन डेविट यांनी मिरवणूक आणि सामना दोन्ही रद्द करण्यास सांगितले. एका जागी एवढी गर्दी जमणे म्हणजे शत्रूला आयते लक्ष्य देणे, असे त्यांचे म्हणणे होते. ही भीती अगदीच निराधार नव्हती. त्याच महिन्यात जपानी पाणबुड्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ व्यापारी जहाजे बुडवली.

पॅसाडेनाचा बेत असा बारगळल्यावर ड्यूकने आपले मैदान देऊ केले. डरहॅमच्या स्टेडियममध्ये जेमतेम पस्तीस हजार माणसे मावत. तेव्हा शेजारच्या दोन विद्यापीठांकडून, म्हणजे खेळातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडून, बाके मागून आणली आणि जागा वाढवली. तयारीला हाताशी होते दोन आठवडे. यजमान ओरेगन स्टेटला आता आगगाडीने सारा देश ओलांडून पाहुण्यांच्या अंगणात खेळायला जायचे होते.

त्या गाडीत एक खेळाडू नव्हता. जॅक योशिहारा जपानमध्ये जन्मलेला, पण लहानपणीच आईबरोबर अमेरिकेत आलेला. युद्ध सुरू झाल्यावर जपानी वंशाच्या लोकांच्या प्रवासावर निर्बंध आले होते. सराव चालू असताना सरकारी माणसे मैदानावर आली आणि त्याला संघाबरोबर जाता येणार नाही हे पक्के झाले. सामना त्याने रेडिओवर ऐकला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने जो आदेश निघाला, त्याच्या आधारे सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबण्यात आले. किनाऱ्यावर त्याची अंमलबजावणी केली ती याच डेविट यांनी. योशिहाराची रवानगी आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत झाली. सामना हलवण्यामागे निदान सावधगिरी होती. या हद्दपारीला तसा कोणताही आधार नव्हता, हे पुढे अमेरिकी सरकारनेच मान्य करून १९८८ साली माफी मागितली. ओरेगन स्टेटने योशिहाराला मानद पदवी दिली तेव्हा २००८ साल उजाडले होते.

१ जानेवारी १९४२ रोजी डरहॅममध्ये थंडी होती आणि पाऊस पडत होता. तरीही ५६,००० प्रेक्षक आले. हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळला जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे पोचले की टचडाउन, त्याचे सहा गुण. मग किक मारून एक गुण जादा मिळवता येतो. पहिले टचडाउन ओरेगन स्टेटच्या डॉन डर्डनने १५ यार्ड धावत जाऊन केले. ड्यूकच्या स्टीव्ह लॅकने बरोबरी साधली आणि मध्यंतराला ७–७ असे गुण होते.

खरी रंगत आली ती तिसऱ्या डावात. ओरेगन स्टेटच्या बॉब डेथमनने जॉर्ज झेलिककडे ३१ यार्डांचा पास फेकला आणि संघ पुढे गेला. ड्यूकने चेंडू गोलरेषेपार नेऊन पुन्हा बरोबरी केली, १४–१४. ओल्या, निसरड्या चेंडूने लांबचे पास फेकणे म्हणजे जुगारच, पण डेथमनने तो पुन्हा खेळला. या वेळी झेल घेतला जीन ग्रेने. समोर आलेल्या बचावपटूला हुलकावणी देऊन तो सुटला तो थेट गोलरेषेपर्यंत. ६८ यार्डांची ही चाल निर्णायक ठरली. त्यानंतरची किक मात्र चुकली आणि गुण २०–१४ वर अडले.

चौथ्या डावात डर्डन चेंडूसह आपल्याच गोलरेषेमागे पकडला गेला. अशा वेळी प्रतिपक्षाला दोन गुण मिळतात. २०–१६. आता एका टचडाउनवर सामना फिरणार होता. ड्यूकने धडका मारल्या, पण गोलरेषा काही गाठता आली नाही. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून डर्डनची निवड झाली.

दोन्ही संघांतले बहुतेक खेळाडू लवकरच सैन्यात गेले. वेड यांचे वय तेव्हा एकोणपन्नास. तरीही ते तोफखान्यात दाखल होऊन युरोपात लढले. ड्यूकचा चार्ल्स हेन्स इटलीत एका टेकडीवरच्या लढाईत जबर जखमी होऊन पडला होता. त्याला उचलून खाली आणणाऱ्यांत फ्रँक पार्कर होता, ओरेगन स्टेटचा खेळाडू. जीन ग्रे वैमानिक झाला. युद्धातून सुखरूप सुटला, पण १९४८ साली पनामातल्या विमान अपघातात त्याने दोन्ही हात गमावले. ड्यूकचे वॉल्टर ग्रिफिथ, अल हूव्हर, बॉब नॅनी आणि ओरेगन स्टेटचा एव्हरेट स्मिथ परतलेच नाहीत.

१९४३ मध्ये रोझ बाउल पॅसाडेनाला परतला. त्यानंतर तो पुन्हा बाहेर गेला तो एकदम १ जानेवारी २०२१ रोजी. कोरोनामुळे पॅसाडेनाच्या मैदानावर प्रेक्षकांना मज्जाव असल्याने टेक्सासमधल्या आर्लिंग्टनमध्ये अलाबामा आणि नोत्र दाम यांच्यात तो खेळवला गेला. डरहॅमच्या स्टेडियमला आज वॉलेस वेड यांचे नाव आहे. ओरेगन स्टेट १९५७ आणि १९६५ साली पुन्हा रोझ बाउल खेळला. एकदा आयोवाकडून आणि एकदा मिशिगनकडून हरला.