शिल्लक कशी मोजावी?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘सुखी जीवन’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला सुख म्हटलं की आधी पासबुकच आठवणार! निवृत्त झालो तेव्हा मीही हिशेब मांडला होता. पेन्शन चालू, मुदत ठेवी सुरक्षित, फ्लॅटवर कर्ज नाही, मुलगा पुण्यात मार्गी लागलेला. ताळेबंद जुळला. आता काही कमी नाही, असं वाटलं.

गेल्या पावसाळ्यात पहाटे बाथरूममध्ये माझा पाय घसरला. हिला जाऊन चार वर्षं झालेली, घरात मी एकटा, मोबाइल हॉलमध्ये. उठता येईना. पाऊस असा की माझी हाक मलाच ऐकू येईना. ठेवीच्या पावत्या कपाटात होत्या, पण त्या काही उठून दार उघडणार नव्हत्या. साडेनऊला बेल वाजली. माझी दुधाची पिशवी अजून दाराला लटकतेय, हे समोरच्या वहिनींनी पाहिलं होतं. त्यांनी जिन्यातल्या चौघांना गोळा केलं आणि कडी तोडून मला बाहेर काढलं.

आता खरं सांगतो. या वहिनींशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण काय, तर पार्किंगची एक जागा! बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय ठरतं. हे खातं मीच निष्क्रिय केलं होतं. त्यांनी ते चालू ठेवलं.

पुढे महिनाभर अंथरुणावर होतो, तेव्हा वाचन झालं. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. आजार नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, शरीर, मन आणि समाजातलं जगणं अशी तिन्ही अंगं सुस्थितीत हवीत, असं तिच्यात तेव्हाच म्हटलं आहे. १९९० पासून संयुक्त राष्ट्रसंघ देशांची प्रगती मोजताना उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही धरतो. भूतान तर नऊ अंगांनी सुख मोजतो. त्यात शेजारपाजार आणि वेळेचा विनियोगही येतो.

पण एवढं लांब कशाला जायचं? आपला थिबा राजा बघा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं ब्रह्मदेशाचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणलं. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला. तनखा होता, नोकरचाकर होते, समोर समुद्र होता. नव्हता तो आपला मुलूख, आणि मर्जीने परत जायची मोकळीक. १९१६ मध्ये त्याने इथेच देह ठेवला. नातवंडांना राजवाडा दाखवताना आपण लाकूडकाम दाखवतो, हेही सांगत जाऊ या.

मंडळी, पंचवीस वर्षांत आपण टाकी दुरुस्त केली, रंग काढला, सिंकिंग फंड जमवला. छान झालं. आज आणखी एक ठराव मांडतो, त्याला खर्च शून्य आहे. सकाळी नऊनंतर शेजारच्या दाराला दुधाची पिशवी दिसली, तर बेल वाजवायची. भांडण असलं तरी वाजवायची.

सूचक मी. अनुमोदक समोरच्या वहिनी. त्यांना विचारूनच आलोय.