साच्यावरचे चामडे



या शाळेत हस्तकलेच्या तासाला जिची पणतीही कधी धड झाली नाही, तीच मी पुढे बडोद्यात शिल्पकला शिकताना अंगावर ल्यायची शिल्पे चामड्यातून घडवू लागले. क्रोमने कमावलेले चामडे त्याला चालत नाही. ते आकार धरून ठेवत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले, कोल्हापुरी वहाणेचे चामडेच हवे. पाण्यात भिजवून साच्यावर दाबून बसवले आणि सावकाश वाळू दिले, की आकार टिकतो. घाईपोटी मी पहिला तुकडा उकळत्या पाण्यात टाकला. तो आक्रसून खापरासारखा ठिसूळ झाला.

साचा आईच्या खांद्याचा घेतला. प्लास्टर सुकेपर्यंत ती निमूट बसली. चामडे मात्र तिने घरात येऊ दिले नाही. ते महिनाभर जिन्याखाली राहिले. का, हे आमच्या घरात कोणी उच्चारले नाही. मीही विचारले नाही.

हत्यार धरायला शिकवले ते फाटकाबाहेर बसणाऱ्या एका चर्मकार काकांनी. प्रदर्शनाच्या दिवशी ते चपला काढून दाराशीच थांबले. मी आत नेले. त्यांनी तो खांदा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बेटा, ही मानेला कापेल." परीक्षकांपैकी कोणी हे सांगितले नव्हते; कोणी घालूनच पाहिले नव्हते.

काकांनी रापी काढून कड तासली. तेव्हा आई पुढे आली, आणि पदर सावरून तिने खांदा त्यांच्यापुढे केला.