मोजणीतून फुटणारी माहिती

नांदगावात वर्षभर कुलूपबंद असलेल्या घरात गणपतीला चाकरमानी उतरले, की दार वाजवून खात्री करावी लागत नाही. बाहेरचा विजेचा मीटर पाहिला तरी कळतं. संगणकातही असे मीटर असतात.

प्रोसेसरमधले हार्डवेअर काउंटर किती सूचना पार पडल्या, कॅश किती वेळा हुकली, हे मोजत असतात. लिनक्समध्ये हे आकडे वाचायला 2009 पासून ‘पर्फ’ हे साधन आहे. काउंटर ठरावीक आकड्याला पोचला, की प्रोसेसर क्षणभर थांबतो आणि चालू सूचनेचा पत्ता नोंदवला जातो. आपला प्रोग्रॅम कुठे रेंगाळतो, ते त्यावरून समजतं.

मात्र हा थांबा कधीकधी किंचित उशिरा लागतो. तेवढ्यात काम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे गेलेलं असतं. मग ‘फक्त माझाच प्रोग्रॅम मोज’ असं बजावूनही नोंदीत कर्नलचा पत्ता येतो. हल्लेखोराला ठावठिकाणा लागू नये म्हणून संगणक सुरू होताना कर्नल दरवेळी मेमरीत नव्या जागी बसवतात. असा एखादा पत्ता फुटला, की ती सगळी खटपट वाया जाते.

2017 मध्ये अशा नोंदी सरळ टाकून देण्याचा बदल लिनक्समध्ये आला. पण ‘आरआर’ या डीबगरची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या साधनाची, सारी भिस्त याच थांब्यांवर होती. तो बिघडला आणि बदल मागे घ्यावा लागला.

मोजायचं कोणी, यावर मात्र त्याआधीच बंधन आलं होतं. ‘पर्फ इव्हेंट पॅरानॉइड’ या सेटिंगची मूळ किंमत 2016 मध्ये 1 वरून 2 झाली: सामान्य वापरकर्त्याने कर्नल मोजायचा नाही. डेबियनने 3 ही पायरी ठेवली. तिथे खास अधिकाराशिवाय पर्फ चालतच नाही. 2020 मध्ये लिनक्स 5.8 ने मोजणीचा स्वतंत्र अधिकार आणला, त्यामुळे तेवढ्यासाठी कोणाला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, करायची गरज उरली नाही.

असा अधिकार कुठे लागतो, ते पाहा. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक घडवला. आज परम मालिकेतल्या महासंगणकांवर अनेक संशोधक एकाच वेळी काम करतात. अशा सामायिक यंत्रावर मोजमाप बंद करून भागत नाही आणि सगळ्यांना मोकळीक देणंही परवडत नाही. तिथे हा वेगळा अधिकार उपयोगी पडतो.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना एवढंच सांगेन: पर्फने परवानगी नाकारली, तर ‘पॅरानॉइडची किंमत उणे एक करून टाक’ हा सल्ला सर्रास मिळतो. त्याने सारी दारं सताड उघडतात. स्वतःच्या यंत्रावर तसं करावंच लागलं, तर काम संपताच जुनी किंमत परत लावा.