भर उन्हाळ्यातली सगळ्यात थंड जागा

सोलापूरच्या उन्हात बसून आज थंडीबद्दल बोलूया. वातावरणातली सगळ्यात थंड जागा ध्रुवांच्या वर, ८५-९० किलोमीटरवर असते. तीही उन्हाळ्यात, सूर्य मावळतच नसताना! पारा उणे १३० च्याही खाली.

कारण लाटा. डोंगरांवरून जाणारा वारा, ढगांची उलथापालथ यांतून हवेत लाटा उठतात. वर हवा विरळ, म्हणून त्या वाढत जातात आणि शेवटी फुटतात, किनाऱ्यावर फुटतात तशाच. तिथल्या वाऱ्याला ब्रेक लागतो आणि हवा उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे सरकते. तिची जागा घ्यायला खालची हवा वर चढते, फुगते, गार पडते.

कोड लिहिणारा म्हणून मला छळतं ते वेगळंच. हवामानाच्या मॉडेलमध्ये पृथ्वीचे चौकोन पाडतात, आणि यातल्या बऱ्याच लाटा एका चौकोनाहून छोट्या! म्हणजे जिच्यावर सगळं चालतं तीच गोष्ट मॉडेलला दिसत नाही. अंदाजाच्या सूत्राने घालावी लागते. सूत्र जरा हललं की वरचे वारे चुकतात. ते ताडून बघायला मोजमाप लागतं. आपल्या शेजारी कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, भारतीय भूचुंबकत्व संस्थेने त्यासाठीच रडार बसवलं. ८० किलोमीटरच्या वरचे वारे मोजणारं.