माझी फियाट : वीज, पेट्रोल आणि एक चूक

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सदस्यांसाठी झालेल्या भाषणमालेतील हे भाषण, थोडे आटोपशीर करून.)



सचिवांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "बॅंकेतला माणूस मी, ठेवी आणि कर्जांवर बोलू का?" ते म्हणाले, "नको काका, लोक झोपतील. गाडीवर बोला." म्हणून आज गाडीवर बोलतो. पण शेवटी एक हिशोबही द्यायचा आहे. तो गेली तेरा वर्षं माझ्या नावावर थकीत आहे.

माझी गाडी आपण सगळे ओळखता. लहान मुलं तिला 'आजोबांची टॅक्सी' म्हणतात. ती टॅक्सी नाही. ती १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, चार सिलिंडरची, १०८९ सीसीची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. हीच गाडी पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावाने आली. मी ती १९८४ साली जुनीच घेतली. नव्या फियाटसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि तेवढा धीर मला नव्हता.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. त्या हिशोबाने माझी गाडी व्हिंटेज. पण तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून मी साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवली आहे. मला ती भाजी आणायला लागते हो!

आता मुद्द्यावर येतो. पेट्रोलची जुनी गाडी सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात. योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, आणि सिलिंडरमध्ये दाब. दाबाचं काम इंजिन खोलणाऱ्या मिस्त्रीचं. पण रस्त्यात बंद पडणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बहुतेक ठिणगी किंवा पेट्रोल यांमुळेच बंद पडतात. ही दोन्ही खाती घरबसल्या तपासता येतात.

आधी वीज. बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण पूर्ण भरलेली, विश्रांती घेतलेली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजा. माझ्या गाडीला आजच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नाही, डायनमो आहे. डायनमो मंद फिरताना पुरेशी वीज देत नाही. त्यामुळे सिग्नलला उभं असताना लाल दिवा किंचित पेटला तर घाबरायचं नाही. वेग वाढला की तो विझला पाहिजे. डायनमोची वीज कमी पडली की बॅटरीतली वीज उलटी डायनमोत जाईल, म्हणून मध्ये कटआउट बसवलेला असतो. त्याचे पॉइंट चिकटले तर रात्रीत बॅटरी उतरते आणि आपण उगाच बॅटरीवाल्याला बोल लावतो.

सर्वांत जास्त फसवतं ते अर्थिंग. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये एक जाड वेणीसारखी पट्टी जोडलेली असते. ती गंजली किंवा सैल झाली की स्टार्टर कण्हतो, दिवे मंद होतात. विजेला रस्ता हवाच असतो, मग ती चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून परत जाते. एकदा माझी चोकची तार हाताला चटका बसेल इतकी तापली. मी चोक बदलला, तार बदलली. दोष होता त्या पट्टीच्या एका गंजलेल्या बोल्टमध्ये. तेव्हापासून मी आधी मीटर लावतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला, आणि दुसऱ्याने स्टार्टर मारायचा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की वाटेत कुठेतरी गळती आहे.

बॅंकेत दिवसाचा हिशोब जुळला नाही की आम्ही सगळी व्हाउचरं परत लिहीत नसू. फरक कुठल्या लेजरमध्ये आहे ते आधी बघायचो. इथेही तेच. बॅटरीपासून निघा आणि एकेक जोड ओलांडत जा. व्होल्टेज जिथे कमी होतं, फरक तिथे.

ठिणगीच्या बाजूला कॉइल, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, कंडेन्सर, प्लग. पॉइंट म्हणजे दोन छोट्या टिकल्या, इंजिन फिरताना उघडमीट करणाऱ्या. कॅमच्या उंचवट्यावर त्या पूर्ण उघडल्या की मधलं अंतर सुमारे ०.४५ मिलिमीटर हवं. ते फीलर गेजने मोजतात. अंदाजाने नाही, आणि पोस्टकार्डाने तर मुळीच नाही. (मी पोस्टकार्ड वापरलेलं आहे, म्हणून सांगतो.) टिकल्या वारंवार जळत असतील तर नवे पॉइंट घालत बसू नका, कंडेन्सर बदला. टायमिंग बघायला एक बारा व्होल्टचा बल्ब पुरतो. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला एक तार, दुसरी बॉडीला, इग्निशन चालू. इंजिन हाताने हळू फिरवायचं. बल्ब पेटला, त्या क्षणी पॉइंट उघडले. आणि प्लगच्या वायरी काढल्यात तर परत लावताना क्रम १-३-४-२. आमच्या सौभाग्यवतींनी तो गाडीच्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवला आहे, कारण एकदा मी तो चुकलो आणि गाडीने सायलेन्सरमधून असा बार काढला की शेजारचे दिवाळी समजले.

आता पेट्रोल. टाकीतून नळीने पंपात, पंपातून कार्बोरेटरमध्ये. पंप इंजिनवर चालणारा, आत एक पडदा असतो. तो फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. म्हणून दर आठवड्याला ऑइलची पट्टी नुसती बघू नका, तिचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली, तर गाडी सुरू करू नका.

कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो, आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. त्याची सुई नीट बसली नाही की पेट्रोल वाहतं. फ्लोट काढून कानाशी हलवा. आत डुचमळलं तर त्याला भोक आहे. जेट म्हणजे पितळेचे बारीक छिद्राचे तुकडे. त्यात कचरा अडकला तर हवेने फुंकून काढा. तार किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं, आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

मे महिन्यात खंबाटकी घाटात माझी गाडी हमखास बंद पडे. गरम इंजिनाजवळ पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत राहतो. पंपावर ओलं फडकं ठेवलं, वीस मिनिटं थांबलं की गाडी चालू. पण बिघडत चाललेली कॉइलसुद्धा तापल्यावरच बंद पडते आणि गार झाल्यावर चालते! दोन्ही रोगांचं लक्षण एकच. म्हणून बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत, ठिणगी तपासायची. ठिणगी निळी आणि कडक असेल तर दोष पेट्रोलचा. नसेल किंवा मरतुकडी पिवळी असेल तर विजेचा. ठिणगी बघताना मात्र जवळपास पेट्रोल सांडलेलं नसावं.

या वाक्यावरून मी थकीत हिशोबाकडे येतो.

२०१० साली मी निवृत्त झालो. त्याच वर्षी आमचे मिस्त्री गॅरेज बंद करून गावी गेले. सव्वीस वर्षं गाडी त्यांनी सांभाळली होती, मी फक्त पैसे दिले होते. आता आपणच करू, असं मला वाटलं. २०११ च्या पावसाळ्यात साइड लाइटचा फ्यूज सारखा उडू लागला. नवा घातला, तोही उडाला. तिसऱ्यांदा मी त्या फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळली. दिवे लागले. मी खूश.

फ्यूज का उडतोय, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. दिव्याची वायर पत्र्याच्या एका भोकातून जाते. त्या भोकातलं रबर झिजून पडलं होतं. पत्र्याची कड वायर कापत होती. फ्यूज मला तेच सांगत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं. शिवाय कार्बोरेटरजवळची पेट्रोलची नळी तडकून ओली झालेली होती. ती मला दिसली होती. "रविवारी बदलू," असं मी म्हटलं होतं.

शुक्रवारी रात्री साडेनऊला मी दिवे लावून गाडी पार्किंगमध्ये आत घेत होतो. बॉनेटमधून धूर आला, मग पिवळा उजेड. मी उतरून बॉनेट उघडायला धावलो. आपले तेव्हाचे वॉचमन ओरडले, "साहेब, उघडू नका! हवा लागेल!" त्यांनी मला अक्षरशः बाजूला ढकललं, बॉनेट चार बोटं वर करून फटीतून पावडरचा सिलिंडर आत मारला. कोणीतरी पाण्याची बादली आणली होती, तीही त्यांनी अडवली. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि जळत पसरतं. दोन मिनिटांत सगळं संपलं. शेजारच्या स्कूटरची सीट होरपळली. वर पहिल्या मजल्यावर एक बाळंतीण झोपली होती. तिचं बाळ तेव्हा बावीस दिवसांचं होतं.

चौकशीत मी सांगितलं, "शॉर्टसर्किट झालं." ते खोटं नव्हतं. पण चांदीबद्दल मी बोललो नाही. स्कूटरची सीट भरून दिली, सिलिंडर भरून दिला, आणि चूक मात्र 'जुन्या वायरिंग'च्या नावे टाकली. आज सर्वांसमोर ती माझ्या नावे लिहून घेतो. चूक वायरिंगची नव्हती, माझी होती.

पुढच्या सर्वसाधारण सभेत ही गाडी आवारातून काढावी असा ठराव आला. आणणाऱ्यांचं बरोबर होतं. माझ्या बाजूने बोलले ते त्याच बाळाचे आजोबा. ते म्हणाले, "सहा महिने द्या. नीट केली नाही तर मीच ढकलत बाहेर नेईन." ते आज हयात नाहीत. त्यांनाही मी चांदीचं सांगितलं नव्हतं. याची रुखरुख मला आहे.

त्या सहा महिन्यांत मी खऱ्या अर्थाने शिकलो. नाना पेठेतून एकेक सामान आणलं. वायरिंग पूर्ण नवीन केलं, प्रत्येक भोकात रबर, प्रत्येक सर्किटला ठरल्या क्षमतेचाच फ्यूज. बॅटरी तोडायचा स्विच बसवला, रात्री तो बंद असतो. पेट्रोलच्या नळ्या ठरावीक मुदतीने बदलतो, खराब दिसण्याची वाट बघत नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागल्यावर नळ्या, पंपाचा पडदा आणि वॉशर इथेनॉल सोसणारे घातले, कारण जुनं रबर त्यात फुगतं आणि सुटतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवत नाही. दर रविवारी गाडी अर्धा तास चालवतो. उभ्या गाडीचे आजार चालत्या गाडीपेक्षा जास्त असतात. आमच्या वयाच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

२०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या आवारातल्या कितीतरी नव्या गाड्या सुरू होईनात. त्या उन्हाळ्यात मी चार्जर घेऊन तिन्ही विंगच्या पार्किंगमध्ये फिरलो. एका डॉक्टरीणबाईंची गाडी ड्युटीच्या दिवशी सकाळी साडेसहाला सुरू करून दिली. त्या दिवशी मला वाटलं, व्याजाचा थोडा भरणा झाला. मुद्दल अजून बाकी होतं.

आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. फीलर गेज धरताना हात थरथरतो. वर्षभरापासून सी विंगमधली इंजिनिअरिंगला असलेली आपली एक मुलगी रविवारी माझ्याबरोबर असते. परवा तिने पॉइंटचं अंतर लावलं, मी नुसतं मोजलं. अचूक होतं. वहीतही आता तीच लिहिते. गेल्या महिन्यात हॉर्नचा फ्यूज उडाला. मी म्हटलं, "दुसरा घाल." ती म्हणाली, "आजोबा, आधी का उडाला ते बघू." अर्धा तास शोधून तिने स्टिअरिंगखाली चिरडलेली वायर काढून दाखवली.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. पार्किंगमधल्या सिलिंडरांवर भरण्याची तारीख असते, ती दर तिमाहीला कोणीतरी वाचावी. ते काम मला द्यावं, मी रजिस्टर ठेवीन. आणि आपल्यापैकी कोणाच्याही घरात, गाडीत, इन्व्हर्टरमध्ये फ्यूज किंवा स्विच दुसऱ्यांदा उडाला, तर तो परत लावण्याआधी कारण शोधा. नाही सापडलं तर मला हाक मारा. बी-२०४. बेल वाजते. तिचं वायरिंग मी स्वतः केलं आहे, पण घाबरू नका, फ्यूज योग्य क्षमतेचा आहे.

२०११ साली सहा महिने दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.