स्टिअरिंग जड झाले, तर?

मंडळी, बैल लंगडला, तर आपण आधी त्याचा खूर बघतो. गाडीचेही तसेच आहे.

जुन्या डिझेल पिकअपचे पॉवर स्टिअरिंग जड झाले, की आम्ही आधी पुढच्या टायरांतली हवा बघतो. मग इंजिन बंद करून स्टिअरिंगच्या तेलाची टाकी बघतो. तेल कमी झाले, म्हणजे ते कुठेतरी गळते आहे. गाडीखाली ओल शोधावी. तेलावर फेस दिसला, तर आत हवा शिरली आहे. वळवताना चीं-चीं आवाज येतो? मग पंपाचा बेल्ट ढिला झाला असेल.

नुसते तेल ओतून निघू नका बरं! आधी गळती बंद करून घ्या. भरली गाडी घाटात वळली नाही, तर काय होईल? बाजार पुन्हा भरतो. गेलेला माणूस पुन्हा येत नाही.